दवाही, परहेजही

नोव्हेंबरातली गोष्ट. मधली सुट्टी होती. स्टाफरूममध्ये चहा आला होता, सोबत ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. मी चहा घेतला, पुडा पुढे सरकवला. शेजारी आमच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी लागलेली तरुण शिक्षिका बसली होती. तिने पुड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आपा, सच्ची बताओ, क्या किए तुम? कितने दुबले हो गए!"

मी म्हणाले, "काही नाही गं. रोज सकाळी चालते. आणि रात्रीचा भात बंद केला."

ही दोन्ही वाक्यं खरी होती, पण मिळून त्यांचं एक खोटं तयार झालं होतं. चालणं आणि भात सांगितला, फ्रिजच्या दारात अंड्यांच्या खणामागे ठेवलेली औषधाची कुपी सांगितली नाही. त्या खोट्याचं पुढे काय झालं ते सांगण्यासाठी आज लिहायला बसले आहे. शबे-बरात नुकतीच झाली, रमजान दोन आठवड्यांवर आला आहे. त्याआधी हे ओझं उतरवायचं आहे.

मी सतरा वर्षं उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. शब्द दोन्ही भाषांत कसे फिरतात हे दाखवायला मला आवडतं. ‘आजार’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. मराठीत त्याचा अर्थ रोग. उर्दूत ‘आज़ार’ म्हणजे यातना, छळ. लठ्ठपणाचं नेमकं उलटं झालं आहे. त्याला आपण मराठीतला आजार मानत नाही, पण ज्याचं अंग जाड त्याला उर्दूतला आज़ार मात्र मनसोक्त देतो. वर्गात फळ्याकडे वळले की मागून येणारं दबकं हसू मला ओळखीचं आहे. लग्नात जेवताना "बस करो बाजी" म्हणणाऱ्या नणंदा ओळखीच्या आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपलंच मन. आमच्यात त्याला नफ़्सचा कमकुवतपणा म्हणतात. मला वाटायचं, मी नमाज पढते, रोजे ठेवते, तरी एका समोशासमोर माझा नफ़्स हरतो, म्हणजे माझ्या ईमानातच खोट असणार.

उपाय काय कमी केले? कोमट पाण्यात मध-लिंबू, जिऱ्याचं पाणी, मेथीचे दाणे, कुणीतरी दिलेला पावडरचा डबा. एका वर्षी सहा किलो कमी झालं, पुढच्या वर्षी आठ किलो परत आलं. रमजानमध्ये तर उलटीच गंमत. दिवसभर उपास, आणि इफ्तारला खजूर, भजी, समोसे, गुलाबी सरबत, मग तरावीहनंतर पुन्हा जेवण. ईदेला शीरखुर्मा हातात येईपर्यंत वजन दोन किलो वाढलेलं.

मागच्या जूनमध्ये वजन 86 किलो होतं. उंची 154 सेंटीमीटर. गुडघे इतके धरायचे की दोन वर्षांपासून मी खुर्चीवर बसून नमाज पढत होते. प्लास्टिकची निळी खुर्ची. सजद्यात कपाळ जमिनीला लागत नसे, नुसतं पुढे वाकायचं. दीनमध्ये त्याची सवलत आहे, हे मला माहीत होतं. तरी त्या खुर्चीवर बसताना दर वेळी डोळे भरून यायचे. त्यात रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6.3 निघाली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. अम्मीला पंचवीस वर्षांपासून साखर आहे. तिच्या पायाचं एक बोट गेलं तेव्हा ड्रेसिंग मीच करत होते. तो उंबरठा ओलांडला की पुढे काय असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जुलैत जळगावला मधुमेह आणि हार्मोनच्या डॉक्टरांकडे गेले. सकाळच्या गाडीने, एकटीच. डॉक्टरांनी आधी टेप घेऊन कंबर मोजली. 104 सेंटीमीटर. मग म्हणाले, "मॅडम, आपल्या भारतीयांची चरबी पोटावर जास्त साठते. म्हणून आपल्यासाठी मोजमापही वेगळं आहे. बॉडी मास इंडेक्स 23 च्या पुढे गेला की जादा वजन, 25 च्या पुढे लठ्ठपणा. बायकांची कंबर 80 सेंटीमीटरच्या आत हवी, पुरुषांची 90 च्या आत." माझा इंडेक्स 36 होता. देशभराच्या एका मोठ्या पाहणीत, इंडियाबमध्ये, साधारण 40 टक्के लोकांत पोटाचा लठ्ठपणा आढळला, हेही त्यांनी सांगितलं. 2023 मध्ये ते आकडे प्रसिद्ध झाले होते. मला एकदम गर्दीत सामील झाल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगते, थोडं हलकं वाटलं.

त्यांनी टिर्झेपॅटाइड नावाच्या औषधाबद्दल सांगितलं. मार्च 2025 मध्ये ते ‘मौंजारो’ या नावाने भारतात आलं. आठवड्यातून एकदा पोटावर किंवा मांडीवर त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन. जेवल्यावर आपलं आतडं काही संप्रेरकं सोडतं. ती मेंदूला सांगतात, पुरे झालं. जठराला सांगतात, हळू रिकामं हो. स्वादुपिंडाला सांगतात, इन्सुलिन सोड. हे औषध त्यांतल्या दोघांची, जीएलपी-1 आणि जीआयपी यांची, नक्कल करतं. इंडेक्स 30 च्या पुढे असलेल्यांना, किंवा 27 च्या पुढे असून साखर-रक्तदाबासारखा त्रास असलेल्यांनाच ते द्यायचं.

लिहून देण्याआधी त्यांनी पुष्कळ विचारलं. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग होता का? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताचे खडे? दिवस राहण्याचा विचार आहे का? गर्भनिरोधक गोळ्या घेता का? कारण या औषधामुळे त्या गोळ्यांचा भरवसा कमी होतो. हे सगळं विचारायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

घरी आल्यावर अम्मीची उलटतपासणी सुरू झाली.

"कशाचं बनतं हे? हराम तो नहीं ना?"

मी वाचून आले होते. या घराण्यातल्या पहिल्या औषधाची गोष्ट एका वाळवंटी सरड्यापासून सुरू होते. अमेरिकेतल्या जॉन एंग नावाच्या शास्त्रज्ञाला 1992 च्या सुमारास हीला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत एक पदार्थ सापडला. त्याच्यावरून बनलेलं मधुमेहाचं औषध 2005 मध्ये बाजारात आलं.

"छिपकली का ज़हर?" अम्मीने कानाला हात लावले.

"नाही अम्मी, माझ्या औषधात सरडा-बिरडा काही नाही. हे प्रयोगशाळेत रसायनांपासून जोडून बनवतात. ना डुक्कर, ना सरडा."

"आणि पैसे?"

यावर मात्र गप्प बसले. बाजारात आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत 3,500 रुपये होती, 5 मिलिग्रॅमची 4,375. महिन्याला अशा चार. ह्यांचं दुचाकीच्या पार्टचं दुकान, माझा पगार, दोन मुलांची शिकवणी. ह्यांनी हिशेब केला आणि एवढंच म्हणाले, "अम्मीच्या पायावर किती गेले ते आठव. घे." सहा महिन्यांत लाखाच्या आसपास गेले. तेवढ्यात लेकीच्या कानातलं झालं असतं. हे मी विसरत नाही, विसरूही नये.

पाचोऱ्यात तेव्हा ते लगेच मिळत नव्हतं, जळगावहून आणावं लागे. औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. म्हणून मुलाच्या डब्याच्या पिशवीत बर्फाची पिशवी, मधे फडकं, फडक्यात कुपी असं घेऊन मी गाडीत बसायची. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, "काय हो ताई, मासळी का?" मी हो म्हटलं. खोटं बोलायची सवय तिथूनच लागली असावी.

आता औषधाने काय केलं ते सांगते. दुसऱ्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी मी वह्या तपासत होते. तासाभराने लक्षात आलं की या तासात एकदाही जेवणाचा विचार आला नाही. माझ्या डोक्यात कायम एक रेडिओ चालू असायचा. फ्रिजमध्ये काय आहे, कपाटात शेव आहे का, चहाला अजून किती वेळ आहे. तो रेडिओ बंद झाला होता. बारीक माणसांच्या डोक्यात असंच शांत असतं का? मला रडू आलं. इतकी वर्षं ज्याला मी ईमानाची खोट समजत होते, तो रसायनांचा गोंधळही होता तर.

पण इथेच मी चुकले. भूकच नाही म्हटल्यावर मी जेवण सोडायला लागले. सकाळी चहा, दुपारी अर्धी पोळी, रात्री दोन घास. वजन भराभर उतरत होतं आणि मी खूश होते. मळमळ होती, बद्धकोष्ठता होती, तेही चालवून घेतलं. पाचव्या आठवड्यात सातवीच्या वर्गात समास शिकवत असताना फळा डोळ्यांपुढे फिरला. खडू हातातून पडला. मुलांनी पाणी आणलं.

डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी एक कागद ओढला आणि मला शिकवायला बसले. मला, शिक्षिकेला. ते म्हणाले, "या औषधाच्या मोठ्या चाचणीत 72 आठवडे घेतल्यावर सगळ्यात मोठ्या मात्रेवर सरासरी 20.9 टक्के वजन कमी झालं. पेपरात हाच आकडा येतो. पण त्या सगळ्यांना आहाराचा सल्ला आणि आठवड्याला निदान 150 मिनिटांचा व्यायामही सांगितलेला होता. ज्यांना खोटं इंजेक्शन दिलं त्यांनाही तोच सल्ला होता. त्यांचं कमी झालं 3.1 टक्के. म्हणजे नुसत्या सल्ल्यावर किती होतं तेही कळलं. आता दुसरी बाजू. गेलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नव्हता, स्नायू वगैरेंचा होता. तुम्ही जेवण सोडून दिलंत तर तो हिस्सा वाढेल. मग गुडघ्याला आधार कोण देणार? औषध भूक कमी करतं. जी थोडी उरते तिच्यात काय घालायचं, ते तुम्ही ठरवायचं."

आमच्यात हकीमांच्या काळापासून दोन शब्द जोडीने येतात, दवा और परहेज. मराठीत औषध आणि पथ्य. मी परहेजचा अर्थ नेहमी ‘न खाणं’ असाच घेतला होता. त्या दिवशी कळलं, माझं परहेज म्हणजे नीट जेवणं होतं.

मग घरात काय बदललं? मोठं काही नाही. ताटात आधी डाळ, अंडं, दही किंवा कोंबडीचे तुकडे, मग भाजी, शेवटी भाकरी. आपल्या खानदेशात कळण्याची भाकरी आहे, ज्वारी आणि उडदाची. माझ्या सासरी ती ‘गरिबांची’ म्हणून बंद झाली होती, ती परत आणली. वांग्याचं भरीत आहेच, फक्त तेलाची धार अर्धी केली. शेवभाजी महिन्यातून एकदा. सकाळी मोड आलेले मूग. पाण्याची बाटली टेबलावर, कारण या औषधावर तहानही कमी लागते. बद्धकोष्ठतेवर पाणी, पेरू आणि इसबगोल.

चालणं हे आमच्यासाठी साधं प्रकरण नाही. बुरख्यातली बाई सकाळी सहाला भडगाव रोडने कुठे चालली, हा प्रश्न गावाला पडतो. पहिला आठवडा हे सोबत आले. मग शेजारच्या पाटील वहिनी आल्या, मग त्यांची जाऊ. आता आम्ही चौघी असतो. वहिनी अहिराणीत गप्पा मारतात, मी उर्दूमिश्रित मराठीत, आणि चाळीस मिनिटं कधी संपतात कळत नाही. कोरोनाच्या काळात बंद पडलेल्या जामनेरच्या छोट्या गाडीची, आपल्या पीजेची, आठवण निघाली की वहिनी हमखास म्हणतात, "आपण पीजेपेक्षा जोरात चालतो आता."

स्नायूंसाठी डॉक्टरांनी जिम सांगितलं नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, दहा वेळा, तीनदा. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर-खाली. गंमत म्हणजे त्यासाठी मी तीच निळी नमाजची खुर्ची वापरली. पहिल्या दिवशी चार वेळा उठू शकले.

अशा तऱ्हेने नोव्हेंबर उजाडला आणि ती स्टाफरूममधली दुपार आली.

डिसेंबरात एका सकाळी परिपाठाला ती तरुण शिक्षिका मुलांसमोर कोसळली. डोक्याला टेबलाचा कोपरा लागला. दवाखान्यात मी सोबत होते. शुद्धीवर आल्यावर हळूहळू कळलं. तिने महिनाभर माझा ‘उपाय’ चालवला होता. सकाळी तासभर चालणं, रात्री काहीच नाही, दुपारी नुसती काकडी. माझ्यासारखं उतरेना म्हणून तिने अजून कमी खाल्लं. मार्चमध्ये तिचं लग्न ठरलंय, आणि मुलाकडच्यांनी "थोडी कम हो जाए तो अच्छा" असं म्हटलं होतं. हिमोग्लोबिन आठ निघालं. ती मला म्हणाली, "आपा, तुमसे हो गया, मेरे से क्यों नहीं होता? मेरा नफ़्स ही कमज़ोर है."

हेच वाक्य मी वीस वर्षं स्वतःला ऐकवत आले होते. आणि आता माझ्यामुळे ती ते बोलत होती.

मी तिथेच, सलाईनच्या स्टँडजवळ, तिला सगळं सांगितलं. कुपी, सुई, पैसे, फळ्यासमोर आलेली चक्कर, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तेव्हा का नाही सांगितलं?"

का नाही सांगितलं? कारण सुईने झालं म्हटलं की लोकांना ती फसवणूक वाटते. चालून झालं म्हटलं की शाबासकी मिळते. मला शाबासकी हवी होती. अम्मीच्या रक्तदाबाच्या गोळीला कुणी फसवणूक म्हणत नाही, चष्म्याला म्हणत नाही. वजनाच्या औषधाला मात्र आपण पळवाट समजतो, आणि मीही तेच समजत होते. लाज औषधाची नव्हती, ती जुनीच होती.

पण माझं ऐकून तिचा पुढचा प्रश्न आला तो जास्त घाबरवणारा होता. "मग मलाही ते मागवून द्या ना. मेडिकलवाला ओळखीचा आहे."

तेव्हा ती वीस मिनिटं मला आठवली. तिचं वजन 63 किलो, इंडेक्स 26. हे औषध तिच्यासाठी नाहीच. लग्न तोंडावर, पुढे दिवस जाण्याची शक्यता, रक्त कमी. तिला गरज होती लोहाच्या गोळ्यांची, दोन वेळच्या जेवणाची आणि मुलाकडच्यांना एक वाक्य सुनावणाऱ्या माणसाची. तिसरं काम मी केलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही. लग्न मोडलेलं नाही.

हे आत्ता लिहिण्याचं कारण आणखी एक आहे. याच घराण्यातलं दुसरं औषध, सेमाग्लुटाइड, त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतच होती. त्यानंतरसाठी आपल्या कंपन्यांनी स्वस्त इंजेक्शनं आणायची तयारी केली. स्वस्त होणं चांगलंच आहे. माझ्यासारख्या बायकांना लेकीच्या कानातल्याशी तुलना करावी लागणार नाही. पण स्वस्त झालं की ओळखीचा मेडिकलवाला, चुलत बहिणीची उरलेली कुपी आणि व्हॉट्सअॅपवरचं प्रमाण हेही येणार. म्हणून सांगते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. कुणी तुमच्या घरातला थायरॉइड, तुमचं स्वादुपिंड, तुमच्या गोळ्या यांबद्दल न विचारता ते देत असेल तर तिथून उठून या. पोटात पाठीपर्यंत जाणारी जोराची कळ आली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि हेही ऐका, की औषध थांबवलं की भूक परत येते. टिर्झेपॅटाइडच्याच आणखी एका चाचणीत 36 आठवड्यांनंतर अर्ध्या लोकांचं औषध न सांगता बदलून खोटं इंजेक्शन दिलं. पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन सरासरी 14 टक्के परत वाढलं. मी किती दिवस घेणार? डॉक्टर म्हणतात, बघत बघत ठरवू. ते चिरकाल असेल, कमी मात्रेवर असेल किंवा थांबेलही. थांबलं तर मूग, बाटल्या आणि भडगाव रोड एवढंच माझ्या हातात असेल. म्हणून ते आत्ताच पक्कं करते आहे, रेडिओ बंद आहे तोवर. शांत वर्गात धडा लवकर होतो, हे शिक्षकाला माहीत असतं.

रमजानबद्दल डॉक्टरांशी बोलून आले. मात्रा या महिन्यात वाढवायची नाही. इंजेक्शन शनिवारी इफ्तारनंतर, कारण दुसऱ्या दिवशी शाळा नसते. इफ्तारला खजूर, पाणी, मग डाळीचं सूप आणि थांबायचं. जेवण मगरिबनंतर, थोडं. सहेरी चुकवायची नाही, त्यात अंडी आणि दही. इफ्तार ते सहेरी पाणी मोजून प्यायचं. उलट्या झाल्या, चक्कर आली तर रोजा सोडायचा आणि नंतर भरून काढायचा. ही सवलत अल्लाहने आजाऱ्यालाच दिली आहे, आणि मी आजारी आहे हे कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण लहानपणापासून ऐकत आले. तिसरा भाग रिकामा कसा ठेवतात हे या वर्षी पहिल्यांदा समजतंय.

आज वजन 76 किलो आहे. कंबर 95. साखरेची सरासरी 5.6. अजूनही मी लठ्ठच आहे, मोजमापाने. लग्नातल्या नणंदांना सांगायला फार मोठा आकडा नाही.

गेल्या महिन्यात एका पहाटे, फजरला, खुर्ची ओढायला विसरले. जानमाजवर उभी राहिले, रुकू केला, आणि सजद्यात गेले. कपाळ जमिनीला लागलं तेव्हा लक्षात आलं. उठताना गुडघा कुरकुरला, एक हात टेकावा लागला. पण उठले.

निळी खुर्ची टाकलेली नाही. ती भिंतीला लावून ठेवली आहे. रोज संध्याकाळी तिच्यावरून दहा वेळा उठते-बसते, तीनदा. त्या तरुण शिक्षिकेनेही आता तसंच सुरू केलंय, आणि मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर उकडलेलं अंडं खाते. मी मोजत नाही, पण बघते.